गाडीबद्दल मुलीकडच्यांचं मत

व्याही गुरुवारी सकाळी गेले. सव्वासहाला जावयांचा फोन आला. मी शर्ट घातला आणि रिक्षाने म्हसरूळला गेलो.

एवढं लिहून मी दोन दिवस थांबलो होतो. पुढचं वाक्य सुचलं ते इतकं विसंगत होतं, की लिहावं की नाही असं वाटलं. पण ते खरं आहे, म्हणून लिहितो. मोटार घेण्यासाठी लोक जेवढे कष्ट करतात, त्याच्या कितीतरी पट कष्ट आमच्या व्याह्यांनी मोटार न घेता केले. सहा वर्षांत त्यांनी एकेचाळीस जुन्या गाड्या पाहिल्या. त्यातल्या एकोणचाळीस मी त्यांच्याबरोबर पाहिल्या. उरलेल्या दोन गाड्यांच्या वेळी मला कावीळ झाली होती. त्या दोन्ही मालकांना त्यांनी सांगितलं, "गाडी उत्तम आहे, पण आमचे व्याही पिवळे पडलेत. त्यांचा रंग परत आला की येतो."

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आणि मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल. त्यांनी आयुष्यभर लोकांना पाणी मोजून दिलं, मी पुस्तकं मोजून दिली. एवढं एक साम्य सोडलं तर आमच्यात काहीच सारखं नव्हतं. ते मोठ्याने बोलत, मोठ्याने जेवत आणि मोठ्याने विचार करत. मी बोललो की समोरचा माणूस कानामागे हात धरतो. डाव्या कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने ते तीस वर्षं फिरले, आधी सायकलवर आणि नंतर मोपेडवर. त्याच रस्त्याने साहेबांची गाडी यायची. ती आली की व्याही खाली उतरून कडेला उभे राहायचे. एक हात सायकलीवर, एक सलामाला आणि धुरळ्यामुळे डोळे मिटलेले. "साहेबाचं तोंड मला कधी दिसलंच नाही हो," ते सांगायचे, "गाडी कोणती ते मात्र आवाजावरून ओळखायचो." निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की एक जुनी गाडी घ्यायची, स्वतः उघडून नीट करायची आणि डाव्या कालव्याच्या रस्त्याने हॉर्न वाजवत स्वतः चालवत न्यायची. "आणि कडेला कुणी उभा असेल तर धुरळा उडवायचा नाही. थांबायचं आणि त्याला आत बसवून घ्यायचं." एवढीच त्यांची इच्छा होती. प्रश्न फक्त गाडी कोणती, एवढाच होता.

आता यात माझा संबंध कुठे आला, ते सांगायला हवं. मुलांचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत बसून एकामागून एक गोष्टी नाकारल्या. हुंडा नको, मानपान नको, आहेर नको, पत्रिका बघायची नाही. मी प्रत्येक वेळी मान हलवत होतो. शेवटी ते म्हणाले, "मला तुमच्याकडून एकच गोष्ट पाहिजे. तुमचं मत. मुलाकडचे आणि मुलीकडचे हे आपल्यात नाही. कोणतीही मोठी गोष्ट मी तुमच्या मताशिवाय करणार नाही." हे ऐकून मला भरून आलं आणि मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं." घोटाळ्याचा पाया तिथे पडला. माझे वडील सांगायचे, की मुलीच्या सासरी पाणीसुद्धा स्वतःहून मागू नये, आणि त्यांनी विचारलं तर आधी नको म्हणावं. त्या घरात मुलगी नांदायची आहे, आपली जीभ नव्हे. मी हे इतकं मनावर घेतलं होतं, की व्याह्यांकडे दिवाळीला पंखा बंद असला तरी घाम पुसत बसायचो. आणि गाडी हा तर किती नाजूक विषय! मी चांगली म्हणावं आणि ती बिघडावी, किंवा वाईट म्हणावं आणि नेमकी त्यांना आवडलेली असावी. म्हणून प्रत्येक गाडीला प्रदक्षिणा झाल्यावर व्याही कमरेवर हात ठेवून विचारायचे, "बोला, कशी वाटली?" आणि मी एकच उत्तर द्यायचो, "छान आहे. तुम्हाला पसंत असेल तर आम्हालाही." त्यावर ते थोडा वेळ माझ्याकडे बघत, मग स्कूटरला किक मारत आणि म्हणत, "बरं. पुढची बघू."

गाडी ठरायच्या आधी बाकीचं सगळं ठरलं होतं. म्हसरूळच्या त्यांच्या घराशेजारी त्यांनी गॅरेज बांधलं. कोणती गाडी येणार ते ठाऊक नसल्यामुळे त्यांनी पाहायच्या गाड्यांच्या यादीतल्या सगळ्यात लांब गाडीचं माप घेतलं, त्यात दीड फूट वाढवला आणि वर "समजा दोन माणसं बोलत उभी राहिली तर" म्हणून आणखी तीन फूट. त्यांच्या घरातली सगळ्यात मोठी खोली आता ती आहे. गॅरेजला त्यांनी दोन दारं ठेवली, एक पुढे आणि एक मागच्या बोळात उघडणारं, कारण गाडी शिकताना त्यांना रिव्हर्स जमला नव्हता. "पाणी कधी उलटं जातं का?" असं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला विचारलं होतं. गाडीने पुढून यावं आणि मागून जावं, अशी योजना होती. गाडी येईपर्यंत त्या गॅरेजमध्ये विहीणबाईंच्या कुरडया वाळत असत. दोन्ही दारं उघडी ठेवली की वारा चांगला खेळतो, असं त्या सांगत. त्यांची जीभ तिखट. "व्याही, आमच्या मुलाला बायको एका पोह्याच्या बशीत मिळाली," त्या एकदा मला म्हणाल्या. "ह्यांनी चाळीस बशा पोहे खाल्ले, अजून गाडी मिळेना. दोष कुणात आहे, गाडीत की मुलात?"

हॉर्नचंही तसंच. जुन्या बाजारात त्यांना एक जोडहॉर्न सापडला. एक भोंगा जाड आवाजाचा, एक बारीक. "हॉर्न कुठल्याही गाडीला बसतो, त्याला मत लागत नाही," असं म्हणून त्यांनी तो घेतला आणि चालू स्थितीत राहावा म्हणून स्कूटरची बॅटरी जोडून घराच्या दाराला घंटी म्हणून बसवला. आम्ही दिवाळीला गेलो आणि माझ्या बायकोने बटण दाबलं, तेव्हा ती दोन पायऱ्या मागे उतरली आणि तिने रस्त्यावर ट्रक आहे का ते वळून पाहिलं. दूधवाल्याने बटण दाबणं सोडून दिलं. तो फाटकातून हाक मारायचा. म्हणायचा, "साहेब, पहाटे पहाटे जीव दचकतो, आणि गल्लीतले लोक मलाच शिव्या देतात."

गाडी पाहायला जाताना व्याह्यांच्या खिशात दोन वस्तू असत. एक लोखंडी टेप आणि एक चुंबक. जुन्या गाडीचा पत्रा गंजलेला असला, की विकणारे तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारतात. पत्र्याला चुंबक चिकटतं, लांबीला चिकटत नाही. ही युक्ती त्यांना कुणीतरी सांगितली होती. पण वेगळं चुंबक विकत घ्यायचं त्यांच्या मनात आलं नाही. घरातल्या फ्रिजवर एक गणपती होता, त्याच्या पाठीला चुंबक. तोच ते घेऊन जात. त्र्यंबकेश्वरला एका गुरुजींची अँबॅसिडर विकायची होती. आम्ही पोचलो. व्याह्यांनी नमस्कार केला आणि गाडीची कागदपत्रं मागितली. नोंदणीची तारीख पाहून ते म्हणाले, "गुरुजी, आता तुमच्या दारात आलोच आहोत, तर हिची पत्रिका मांडता का?" मुलांच्या लग्नात पत्रिकेला हात न लावणारा हा माणूस! गुरुजी क्षणभर गोंधळले, पण यजमान तो यजमान. त्यांनी पाटावर बसून कागदावर घरं आखली, बराच वेळ बोटं मोजली आणि गंभीरपणे सांगितलं, "हिला मंगळ आहे."

"मलाही आहे," व्याही आनंदाने म्हणाले. "मग तर जमलंच."

असं म्हणून त्यांनी खिशातून गणपती काढला आणि डाव्या दारावर लावला. गणपती घसरत खाली आला आणि अंगणात पडला. उजव्या दारावर लावला, पडला. डिकीवर लावला, तिथेही पडला. तिसऱ्या वेळी गुरुजींचा चेहरा उतरला. लांबीचं गुपित फुटलं म्हणून उतरला असेल, असं मला वाटलं. पण ते हात जोडून म्हणाले, "देवाने तीनदा आसन नाकारलं. ही गाडी आता मी कुणालाच विकणार नाही. तुम्हीही नेऊ नका. अपशकुन तुमच्या घरी कशाला?" व्याही मात्र माझ्याकडे वळले. "ते जाऊ द्या हो. तुम्हाला कशी वाटली?" मी म्हणालो, "तुम्हाला पसंत असेल तर..."

"बरं. पुढची बघू."

चौथ्या वर्षी त्यांना दिव्याभोवती रंगीत वर्तुळं दिसू लागली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण होते, पण समजूतदार. ते म्हणाले, "समोरचं दिसत राहील, कडेचं हळूहळू कमी होईल. गाडी चालवायची हौस असेल तर दोनेक वर्षांत भागवून घ्या." बाहेर आल्यावर व्याह्यांनी स्कूटरच्या दिव्याची काच रुमालाने पुसली. मग म्हणाले, "कालव्याचा रस्ता सरळच आहे. समोरचं दिसलं की पुरे." स्कूटर त्या दिवशी त्यांनी हळू चालवली. मी मागे बसून ठरवलं, की आता पुढच्या गाडीला आपण स्पष्ट हो म्हणायचं.

पुढची गाडी पिंपळगाव बसवंतची निघाली. द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये, रिकाम्या क्रेटच्या ढिगामागे एक पद्मिनी उभी होती. मालक पन्नाशीचा बागाईतदार, अंगात बनियन, कानाला फोन. "बाबांची हाय," तो म्हणाला. "ते गेले तशी उभीच हाय. भंगारवाला लय फेऱ्या मारतो, पण मन नाय होत." गाडीचा रंग उडून गेला होता, टायर बसले होते आणि पुढच्या सीटवर द्राक्षाचे वाळलेले मणी पडलेले होते. पण पत्रा सगळीकडे खणखणीत होता. गणपती जिथे लावला तिथे बसला. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. पुढची सीट अखंड, बाकासारखी. माझ्या वडिलांच्या एका मित्राकडे अशी गाडी होती आणि लहानपणी तिच्या काचेला मी नाक लावून उभा असे. मी बॉनेटवरची धूळ तळहाताने पुसली. किती वेळ पुसत होतो, कळलं नाही. व्याह्यांनी विचारलं, "कशी वाटली?" आणि मी तोंड उघडलं. अगदी हो म्हणायला उघडलं. तेवढ्यात मनात आलं, यांनी स्वतः एक शब्दही काढलेला नाही. नसेल आवडली. मी हो म्हणालो, तर माझ्या शब्दासाठी हा माणूस नको असलेली गाडी घरी नेईल. डोळ्यांची उरलेली दोन वर्षं त्या गाडीवर घालवेल. म्हणून मी म्हणालो, "छान आहे. तुम्हाला पसंत असेल तर आम्हालाही."

बागाईतदार दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "आण्णा, राग नका मानू," तो म्हणाला, "पण तुमच्यात घेणार कोण हाय आन् बघणार कोण?"

त्यावर आम्ही दोघंही हसलो आणि परत आलो. त्यानंतर पुढची दोन वर्षं आम्ही ज्या गाड्या पाहिल्या, त्या आठवल्या की मला अजून नवल वाटतं. एक हेराल्ड होती, तिच्यात कोंबड्या राहत होत्या आणि मालक कोंबड्यांसकट किंमत सांगत होता. एका जीपला जीपचं फक्त तोंड होतं, मागचा भाग उसाच्या ट्रॉलीचा. या काळात व्याह्यांचं डावीकडचं दिसणं कमी होत चाललं होतं. स्कूटर त्यांनी सोडली. आम्ही एसटीने जाऊ लागलो. मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला चालायचो आणि त्यांना ते कळू नये अशी काळजी घ्यायचो. त्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आणि मग इगतपुरी. श्रावण संपत आला होता. एका निवृत्त रेल्वे गार्डच्या परसात एक कॉन्टेसा आठ पावसाळे उभी होती. ती हिरवी आहे असं आम्हाला फोनवर सांगितलं होतं. जवळ गेल्यावर कळलं की रंग काळा आहे, हिरवं आहे ते शेवाळ. डिकीतून नेचा उगवला होता. दार उघडलं तर आतून पाणी आलं, आणि पाण्याबरोबर एक बेडूक, जो आमच्याकडे नाराजीने बघून परत आत गेला. माझे बूट चिखलात रुतले होते, छत्री उलटी झाली होती आणि मला सकाळपासून कणकण होती. त्या स्थितीत व्याह्यांनी गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घातली, टेपने लांबी मोजली, गणपती लावून पाहिला आणि कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "बोला, कशी वाटली?"

माझ्या तोंडून कोण बोललं ते मला ठाऊक नाही. "मला नाही आवडली," मी ओरडलो. "अजिबात नाही आवडली! हे गाडीचं डबकं आहे! असली गाडी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये!"

गार्डसाहेब ओट्यावरून आत गेले. पहिला विचार मुलीचा. आता हे घरी जाऊन काय सांगणार? व्याह्यांनी हातातली छत्री मिटली. भर पावसात मिटली.

"परत म्हणा," ते म्हणाले.

"माफ करा, माझ्या तोंडून..."

"माफी नको. परत म्हणा. कशी वाटली?"

"नाही आवडली."

त्यांनी मला त्या चिखलात मिठी मारली. "सहा वर्षं, व्याही! सहा वर्षं मी या एका वाक्यासाठी हिंडतोय! आता कळलं, तुम्हाला मत आहे."

स्टेशनजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. कपडे निथळत होते. व्याह्यांनी सगळा इतिहास नव्याने तपासायला घेतला. त्र्यंबकची? मी म्हणालो, नव्हती आवडली. हेराल्ड? नाही, कोंबड्या बऱ्या होत्या. मग त्यांनी कपात बघत विचारलं, "पिंपळगावची?"

"ती आवडली होती," मी म्हणालो. "फार."

त्यांनी कप खाली ठेवला. "मलाही. पण तुम्ही म्हणालात, तुम्हाला पसंत असेल तर. मला वाटलं, यांना नको आहे, मुलीकडचे म्हणून तोंडावर नाही म्हणत नाहीत. मग मी कसं हो म्हणू? मी हो म्हटलं तर ती जबरदस्ती झाली. मी तर तुम्हाला शब्द दिलेला."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत म्हणून मला वाटलं, तुम्हाला नको आहे."

"म्हणजे दोघांनाही पाहिजे होती?"

"हो."

"आणि दोघांनीही सोडली."

टपरीवाल्याने विचारलं, अजून दोन चहा देऊ का? आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "यांना विचारा." मग व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मला त्यांची पाठ थोपटावी लागली. डोळ्यांची दोन वर्षं त्या एका सौजन्यात गेली होती. ते दोघांनाही कळलं होतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही पिंपळगाव गाठलं. अंगात ताप होता, पण मी कुणाला सांगितलं नाही. वाटेत व्याही एकदाच बोलले, "भंगारात दिली असेल तर?" क्रेटचा ढीग आता छतापर्यंत गेला होता. बागाईतदाराने आम्हाला ओळखलं. तो चार क्रेट उचलून बाजूला ठेवू लागला आणि मागून उडालेल्या रंगाचा तो एक कोपरा दिसला. "आता सांगा," तो हात झटकत म्हणाला, "गाडी आवडली कोणाला?"

"मला," आम्ही दोघंही म्हणालो.

"मग न्या. बाबांची गाडी हाय, नीट ठेवा म्हणजे झालं."

गाडी टेंपोवर चढून म्हसरूळला आली. गल्ली जमली. विहीणबाईंनी कुरडया उचलल्या, तुकडा ओवाळून टाकला. टेंपोतून फळ्यांवरून उतरवलेल्या त्या गाडीला ब्रेक नव्हते ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहिली नाही. पाचसहा जणांनी जोर लावला. सहा वर्षं वाट पाहणाऱ्या गॅरेजच्या पुढच्या दारातून गाडी दिमाखात आत शिरली, न थांबता सगळी खोली ओलांडून गेली आणि मागच्या दारातून बोळात बाहेर पडून शेजाऱ्यांच्या शेवग्याला जाऊन टेकली. झाडावरून दहाबारा शेंगा टपावर पडल्या. सगळे गाडीमागे धावले. व्याही तेवढे कृतार्थ मुद्रेने उभे होते. "बघितलं?" ते म्हणाले. "रिव्हर्सची गरज पडली का?" त्या शेंगांची आमटी आम्ही त्याच दुपारी जेवलो. मी पाणी मागून घेतलं आणि पंखाही लावायला सांगितला. विहीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

पुढचं दीड वर्ष आम्ही ती गाडी उघडली. नीट केली असं म्हणणं धाडसाचं होईल. व्याही स्क्रू काढत, मी त्यांना क्रमांक देऊन डब्यांत लावत असे, जसे मी पुस्तकांना देत आलो. सगळे स्क्रू व्यवस्थित वर्गीकृत आहेत. ते कुठे लावायचे हे मात्र नोंदवायचं राहिलं. शेवटी मखमलाबादच्या एका मिस्त्रींनी इंजिन आणि रंगाचं काम घ्यायचं कबूल केलं. गाडी तिथवर न्यायची तर दोरीने ओढत. व्याह्यांना तोवर समोरचा एका खिडकीएवढाच तुकडा दिसत होता. परवाना तर त्यांनी स्वतःच कपाटात ठेवून दिला होता. पण मिस्त्री जीप घेऊन आले तेव्हा व्याही म्हणाले, "मागच्या गाडीत स्टिअरिंगवर कुणीतरी बसावं लागतंच ना? आणि मखमलाबादला कालव्याच्या रस्त्यानेही जाता येतं." विहीणबाई काही बोलणार होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शेजारी बसा. आणि तोंड उघडं ठेवा."

आम्ही निघालो. पुढे जीप, मध्ये दोरी, मागे आम्ही, वेग माणसाच्या चालीपेक्षा थोडा जास्त. ब्रेक तेवढा मिस्त्रींनी आदल्या दिवशी दुरुस्त केला होता. घराच्या दारावरचा जोडहॉर्न आता गाडीत बसला होता. कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ. व्याही दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, नजर दोरीवर. मी सांगत होतो, "थोडं उजवीकडे. आता सरळ. खड्डा." ते हॉर्न वाजवत होते. समोर कुणी नव्हतं तरी वाजवत होते. एका वळणावर खांद्यावर फावडं घेतलेला, पाटाचं पाणी सोडणारा एक पाटकरी आवाज ऐकून कडेला उभा राहिला. तो त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "डाव्या हाताला पाटकरी उभा आहे." त्यांनी लगेच ब्रेक दाबला. दोरी ताणली, जीप हिसका बसून थांबली आणि पुढून मिस्त्रींनी मान बाहेर काढून काहीतरी म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही.

"बसा आत," व्याही खिडकीतून म्हणाले. "कुठे जायचंय?"

त्याने दोरीकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे. "नको बाबा," तो म्हणाला, "मला घाई हाय. मी चालत जातो." आणि तो खरोखरच आमच्या पुढे निघून गेला.

व्याह्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसून येत होतं की कशाने, ते मी विचारलं नाही. धुरळा तर नव्हता. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "आता रंग सांगा. मिस्त्री विचारतील."

"निळा," मी म्हणालो. एका दमात म्हणालो.

"मनापासून?"

"मनापासून."

"मला पांढरा आवडला असता," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मग पांढरा करू ना. तुम्हाला पसंत..."

"खबरदार!" त्यांनी हॉर्न दाबला, दोन्ही भोंगे वाजले. "दिलेलं मत परत घ्यायचं नाही. निळा."

तो शुक्रवार होता. पुढच्या आठवड्याच्या गुरुवारी ते गेले.

तेरावं झाल्यावर मिस्त्रींचा फोन आला. रंग कोणता लावायचा? जावयांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "त्यांना पांढरा पाहिजे होता. मला बोलले होते." जावई म्हणाले, "मग पांढराच करू. बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?" मुलगी दारात उभी होती. त्या घरात, त्या दिवशी, माझ्या जागी माझे वडील असते तर त्यांनी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक होतं. माझ्याही ओठांवर तेच वाक्य आलं होतं.

"निळा," मी म्हणालो. "आमचं ठरलं होतं."

विहीणबाईंनी जावयांना फोनवरचा हात काढायची खूण केली.

गाडी निळी आहे. ती म्हसरूळच्या गॅरेजमध्ये उभी असते आणि कुरडया आता गच्चीवर वाळतात. रविवारी मी जातो आणि डाव्या बाजूला बसतो. इंजिन अजून सुरू होत नाही. हॉर्न वाजतो.